हुलीचा गडी

"आता जे सांगणार आहे ना, त्यावर तुमच्यापैकी एकीचाही विश्वास बसणार नाही. पैज! तरी ऐका. नाहीतरी धुकं उठेपर्यंत तुम्हाला दुसरं काम काय आहे?"

मी असं म्हटल्याबरोबर पोरींनी बूट काढून पाय वर घेतले. क्लबच्या खोलीच्या काचांना बाहेरून धुकं असं चिकटलं होतं, की मैदान राहिलं बाजूला, दाराबाहेरची पायरीसुद्धा दिसत नव्हती. सामना लांबला होता. आमच्या पोरी, पाहुण्या संघाच्या पोरी, सगळ्या एकाच हीटरभोवती कोंबल्या होत्या. पाहुण्यांचं सामान सांभाळणारे एक म्हातारे गृहस्थ तेवढे मागे दाराशी, पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यावर बसले होते, कानटोपी पार भुवयांपर्यंत ओढून.

"अहो पाहुणे, टोपी काढा की! आत धुकं नाहीये," मी म्हटलं.

त्यांनी नुसती मान हलवली. राहू दे बापडे...

"टेपआजी, थापा नाही हं मारायच्या," आमची कप्तान म्हणाली.

टेपआजी म्हणजे मी. या पोरी जन्मायच्या कितीतरी आधी मी देशाच्या रग्बी संघासाठी सामन्यांच्या टेप बघायचे. समोरचा संघ हल्ला कसा करतो ते शोधायचं आणि आपल्या गड्यांना सांगायचं, एवढंच काम.

"थापा? मी? अगं, असल्याच धुक्यात आमचा एक विंगर चेंडू घेऊन सुटला, तो थेट पुढच्या मोसमात परतला. वाटेत लग्न करून, बायकोसकट!"

"मागच्या वेळी एक मूलही होतं," चिमणी म्हणाली. चिमणी आमच्या स्क्रमच्या रेटारेटीतली सगळ्यात दांडगी पोर. दारातून येताना तिला तिरकं व्हावं लागतं.

"मूल नंतर झालं. मधे बोलू नकोस."

आणि मग मी सांगितलं ते असं...

माझी खोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली होती. एकच खिडकी, तीही गवताच्या पातळीला. येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बूट दिसायचे, फार तर नडग्या. माणसं मला गुडघ्यापर्यंतच माहीत होती म्हणा ना! बाकीची दिसायची ती पडद्यावर, उंचावरच्या कॅमेऱ्यातून घेतलेली, करंगळीएवढी. कोण पास द्यायच्या आधी ओठ चावतो, कोण थकला की मोजे वर ओढतो, सगळं मला पाठ. मी चहात साखर घेते की नाही, हे मात्र त्या इमारतीत कुणाला ठाऊक नव्हतं.

चहा प्यायच्या वेळी मी पडदा थांबवून ठेवायचे. कुणीतरी समोर असावं म्हणून. आणि का कोण जाणे, थांबायचा तो नेहमी एकाच गड्यावर...

तो पलीकडच्या देशाचा. त्यांचा एक ठरलेला डाव होता. तुम्हाला काय नव्याने सांगायचं, रग्बीत चेंडू हाताने पुढे देता येत नाही, मागेच द्यावा लागतो. त्यामुळे खरा हल्ला नेहमी मागून येतो. पुढून एक गडी जीव खाऊन बचावाच्या फळीवर धावतो, दोन्ही हात चेंडूसाठी उघडे. सगळे त्याच्यावर तुटून पडतात आणि चेंडू त्याच्या पाठीमागून भलत्याकडेच जातो. हा पुढचा जो असतो, त्याला मी हुलीचा गडी म्हणायचे. मार खायचा त्याने, टाळ्या दुसऱ्याला. माझ्या सगळ्या टेपांमध्ये त्या डावात याला चेंडू एकदाही मिळाला नव्हता. तरी प्रत्येक वेळी हात उघडे... आणि पडद्यासमोर मी, कप घेऊन.

"अगं बाई!" पाहुण्यांतली एक जण पुटपुटली.

"अजून कशात काय नाही. ऐक."

कसोटीआधी दोन्ही संघांनी आपापल्या मागच्या सामन्याची टेप एकमेकांना द्यायची, अशी तेव्हा रीत होती. एरवी त्यांचा एक आंबट चेहऱ्याचा मदतनीस यायचा, खोकं टेबलावर आपटायचा, जायचा. त्या दिवशी दारावर टकटक झाली. मी दार उघडलं, तर डोळ्यांसमोर एक खांदा. उजवा. डाव्यापेक्षा किंचित खाली झुकलेला.

"तुम्ही!" माझ्या तोंडून निघून गेलं. "तुम्ही एवढे... मोठे असाल असं वाटलं नव्हतं."

"एवढे म्हणजे?"

"पडद्यावर तुम्ही माझ्या करंगळीएवढे असता."

तो हसला. त्याचे कान, काय सांगू पोरींनो! वर्षानुवर्षं टॅकल करून कोबीच्या पानांसारखे चुरगळलेले. लाजला की आधी ते लाल व्हायचे, चेहऱ्याला बातमी मागाहून कळायची.

"अंगठा मुरगळलाय," हातावरची पट्टी दाखवत तो म्हणाला. "म्हणून आज हमाली. पण मला ओळखलंत कसं? आमच्या गावचे लोकही ओळखत नाहीत."

"ते चेंडूकडे बघतात."

"आणि तुम्ही?"

 उत्तर द्यायची गरजच नव्हती, कारण माझ्यामागे पडदा थांबलेला होता आणि त्यावर तोच होता, हात उघडे टाकून. शेजारी माझा कप, वाफाळता.

"हा... मी?"

"चहा पिताना थांबवते मी. कुणाला तरी. कुणालाही!"

"अस्सं," तो म्हणाला. कान आता बघण्यासारखे झाले होते. "मग चहा दोघांचा टाकत जा."

पोरींनी शिट्ट्या मारल्या. चिमणीने हीटरवर थाप मारली, तो विझता विझता वाचला.

दौरा लांबलचक होता. पुढच्या कसोटीलाही टेप घेऊन तोच आला. त्याच्या पुढच्याही.

"अंगठा बरा झाला की हो तुमचा."

"झाला. पण आमचा मदतनीस वाट चुकतो."

"जिना तर एकच आहे!"

"म्हणूनच चुकतो."

अहो-जाहो कधी सुटलं कळलंच नाही. तो खुर्ची उलटी करून बसायचा, मी त्याला त्याचीच धाव दाखवायचे... इथे तुझा डावा पाय अडखळला, इथे तू उगाच वर पाहिलंस. तो म्हणायचा, "माझ्या आईनेही मला इतकं निरखलेलं नाही." मी म्हणायचे, "तिला पगार मिळत नव्हता." आणि तो गेला, की खोली आधीपेक्षा मोठी वाटायची. खिडकीतून मी त्याचे बूट जाताना बघायचे. एकदा ते बूट जाता जाता थांबले, परत वळले, खिडकीसमोर टाचा जुळवून उभे राहिले, आणि मग गेले. तेवढ्यावर माझा आठवडा निघाला.

एकदा मी विचारलं, "कधी वाटत नाही तुला, की चेंडू खरंच मिळावा?"

"दर वेळी वाटतं," तो म्हणाला. "मिळणारच असं धरूनच धावायचं. नाहीतर समोरचा फसत नाही."

"मग खरी धाव कुठली आणि हूल कुठली, हे ओळखायचं कसं?"

"मलाच कुठे ठाऊक असतं? चेंडू हातात आला... की खरी."

मी हसले. पण ते वाक्य मनात कुठेतरी रुतून बसलं.

शेवटच्या कसोटीआधी मी आमच्या गड्यांना समोर बसवलं आणि एकच गोष्ट घोटून घेतली. हा समोरून येईल, जीव तोडून येईल. याच्याकडे बघायचं नाही! याच्या खांद्यामागे बघायचं. खरा माणूस मागून येतोय.

"आणि?" कप्तान पुढे सरकली.

आणि काय! सामना बरोबरीत, शेवटची काही मिनिटं. तो धावत आला. आमची अख्खी फळी, माझी गुणी बाळं सगळी, त्याच्या खांद्यामागे बघत राहिले. त्याला कुणी हात लावला नाही. आणि त्या दिवशी, पहिल्यांदाच... चेंडू त्याला दिला.

पोरींचे हात डोक्यावर गेले.

वाट मोकळी होती. तो गेला, थेट गोलखांबांच्या मधोमध चेंडू टेकवला. इतका दचकला होता, की टेकवल्यावरही चेंडू सोडेना. दोघांनी बोटं उचकटली त्याची! आम्ही हरलो. आमचे प्रशिक्षक माझ्याजवळून जाताना एवढंच म्हणाले, "तुमचा हुलीचा गडी छान धावला हो."

मी रेघेपाशी उभी होते. लोक पांगत होते. आणि माझ्या डोक्यात मी सगळ्या भेटी उलट्या फिरवत होते, टेप फिरवावी तशा. तो चहा, ते खुर्ची उलटी करून बसणं, खिडकीसमोर थांबलेले बूट. हा दर वेळी सरळ माझ्या अंगावर चालून आला आणि मी हसत बघत राहिले. जगाला शिकवते खांद्यामागे बघा म्हणून, आणि स्वतः एकदाही बघितलं नाही! याला कुणी पाठवलं होतं का? माझ्या डोक्यात काय चाललंय ते काढून घ्यायला? तिकडे बसपाशी त्यांचा प्रशिक्षक आणि कप्तान एकमेकांच्या पाठीवर थापा मारत हसत होते.

तेवढ्यात तो आला. मैदानाच्या त्या टोकाहून, सरळ माझ्याकडे. चिखलाने माखलेला, कान लालेलाल, दोन्ही हात...

"काय म्हणाला?" चिमणीने विचारलं. एवढीशी झाली होती चिमणी.

या जागी मी नेहमी जरा थांबते. गोष्ट सांगून सांगून मला ती जागा पाठ झाली आहे. इथे वारा सुटतो.

"कुठलं काय!" मी म्हटलं. "तोंड उघडलं त्याने, आणि नेमका असा वारा सुटला, असा सुटला, की गोलखांब वाकले. प्रशिक्षकांची टोपी उडाली ती शेजारच्या देशात जाऊन पडली, त्यांनी टपालाने परत पाठवली! त्याचे शब्द तोंडातून निघाले आणि तसेच उडून गेले. एक अक्षर ऐकू आलं नाही. मग बसचा भोंगा वाजला. तो गेला. विचारलं असतं ना पोरींनो, तर हो म्हणाले असते मी. तिथल्या तिथे! पण विचारलंच नाही त्याने."

एरवी टोपीला हशा पिकतो. आज कुणी हसलं नाही.

"मग... तुम्ही काय केलंत?" कप्तानने हळूच विचारलं.

"काय करणार? खाली गेले. पडदा लावला, थांबवला. चहा टाकला."

"दोघांचा?"

"सवय झाली होती गं हाताला. अजून जात नाही मेली."

काचेपलीकडे धुकं होतं तसंच होतं. कुणीतरी नाक ओढलं. मी पदर सावरून पुढच्या थापेची जुळवाजुळव करत होते, एवढ्यात...

"खोटं!"

आवाज दाराकडून आला. सगळ्या माना वळल्या.

"साफ खोटं."

ते पाहुणे खोक्यावरून उठले होते. सावकाश, गुडघ्यावर हात टेकून. त्यांनी कानटोपी काढली.

कोबीची पानं. लाल होत चाललेली.

"वारा नव्हता त्या दिवशी," तो म्हणाला. "रेघेवरचा झेंडासुद्धा हलत नव्हता. आणि मी विचारलं होतं. दोनदा विचारलं."

 माझे डोळे... जुनी खोड! त्याच्या चेहऱ्यावर ठरेनात. उजव्या खांद्यावर आले. तो अजून किंचित झुकलेलाच होता. तिथून घसरले, मागे गेले. मागे दार, दाराची काच, काचेवर पांढरं धुकं.

"बघ, आत्ताही तेच करते आहेस," तो म्हणाला. टोपी खाली पडली होती, दोन्ही हात तसेच उघडे होते. "तेव्हाही तू माझ्या खांद्यामागेच बघत होतीस. अगं, मागे कोणीच नव्हतं."