एका फरशीचे अंतर

ही गोष्ट सुरू झाली ती दुपार अगदी साधी होती, हे आधीच सांगितलेले बरे. वादळ नव्हते, वीज गेलेली नव्हती. तर्कशास्त्राच्या एक प्राध्यापिका आपले एकटीचे ताट धुऊन संगणकासमोर बसल्या आणि त्यांनी एक घर काढायला घेतले. महाविद्यालयात सगळे त्यांना नुसते ‘बाई’ म्हणत. घरी त्यांना काही म्हणणारे कोणी उरले नव्हते. वडील जाऊन वर्ष होत आले होते.

घर काढायचे खूळ भाचीचे. ती दूरच्या शहरात, खेळ तयार करणाऱ्या कंपनीत कामाला होती. फोनवर म्हणाली होती, “मावशी, जन्मभर दुसऱ्यांच्या युक्तिवादातली भोकं शोधलीस. आता तू एक जग कर, भोकं मी शोधते.”

“या वयात खेळ? लोक हसतील.”

“हसू देत. तेवढीच करमणूक. हे बघ, खेळणारा म्हणजे एक वाटसरू. तो घराघरांत शिरतो, माणसांशी बोलतो, त्यांची कामं करतो. बास. नवखी माणसं पहिल्याच दिवशी सात राज्यं आणि राक्षस काढायला जातात आणि आठवड्यात गाशा गुंडाळतात. तू एकच घर काढ. एक माणूस. आणि घर ओळखीचं घे, म्हणजे भिंती चुकणार नाहीत.”

ओळखीचे घर एकच होते. भाचीने पाठवलेल्या खेळ बनवण्याच्या साधनात पडद्यावर चौकटी आखलेल्या होत्या. बाईंनी एका चौकटीला एक फरशी धरली आणि आपलेच घर उतरवले. बैठकीची खोली, खिडकीखालचे टेबल, टेबलाशी खुर्ची, खुर्चीच्या पाठीमागे अरुंद बोळ आणि बोळाच्या टोकाला स्वयंपाकघर. स्वयंपाकघरात त्यांनी बाबांना उभे केले.

बाबा लिफ्टदुरुस्तीचे काम करत; त्यांच्या हत्यारांच्या डब्याला कायम ग्रीसचा वास येई. “लिफ्ट बंद पडल्याशिवाय मला बोलावत नाहीत, आणि बंद पडली की मला जिना,” असे ते हसून म्हणत. म्हणून की काय, शेवटपर्यंत ताठ आणि झपाझप चालले. पडद्यावर मात्र ते तसे चालेनात. चालण्यासाठी दोन्ही पायांची चित्रे काढावी लागतात. बाईंनी उजव्याचे काढले, डाव्यापाशी हात अडला, आणि ‘पुढे बघू’ म्हणून ते राहून गेले. त्यामुळे हे बाबा उजवे पाऊल टाकत आणि डावे मागून घासत आणत.

बोलायला त्यांना एकच वाक्य दिले. वाटसरू समोर उभा राहिला आणि खेळणाऱ्याने बटण दाबले, की पडद्यावर अक्षरे उमटायची: ‘जेवलीस का?’ दुसरे वाक्य लिहायला घेतले आणि पुसून टाकले.

मग नियम. बाबांना एकटे बसवत नसे. ज्या खोलीत कोणी असेल तिथे ते येत आणि गुपचूप मागे उभे राहत. बाईंनी तेच संगणकाला सांगितले: जवळ कोणी नसेल, तर जिथे कोणी असेल तिथे जावे; एक फरशी अंतर ठेवून थांबावे. दोनदा वाचून पाहिले. निर्दोष वाटले. खेळ भाचीला पाठवला.

संध्याकाळी फोन आला. “मावशी, घर झकास! पण आजोबा कुठेत?”

“स्वयंपाकघरात.”

“नाहीत. तिन्ही ठिकाणं पालथी घातली. भांडी आहेत, माणूस नाही.”

“नीट बघ.”

“अगं, याच कामाचा पगार घेते मी!”

बाईंनी स्वतःचा खेळ उघडला. वाटसरू दाराबाहेर उभा होता. त्याला आत नेले. बैठक रिकामी, बोळ रिकामा, स्वयंपाकघर रिकामे. फोन कानाशी तसाच होता, आणि त्याच वेळी पाठीमागच्या, खऱ्याखुऱ्या बोळात काहीतरी वाजले.

ठप्... सर्रर्र...

ठप्... सर्रर्र...

आणि थांबले. खुर्चीपासून एका फरशीवर. ग्रीसचा जुना, जड वास खोलीत हळूहळू पसरला.

“मावशी? गप्प का झालीस?”

“काही नाही. वरच्या मजल्यावर कोणी खुर्ची ओढतंय.”

आपल्या वर कोणताही मजला नाही, हे बाईंना बोलताना ठाऊक होते.

“सापडलं!” भाची तिकडे ओरडली. “खेळ सुरू होतो तेव्हा वाटसरू दाराबाहेर. आत कोणीच नाही. आणि तू आजोबांना सांगितलंस, कोणी असेल तिथे जा. कुठल्या घरात, ते सांगायचंच विसरलीस. नवख्यांची नेहमीची चूक. गेले बिचारे नकाशाबाहेर. ‘या घरातच’ एवढी अट घाल, येतील परत.”

“नकाशाबाहेर काय असतं?”

“काहीच नसतं गं.”

बाईंनी मागे वळून पाहिले. बोळ रिकामा होता.

त्या घाबरल्या नाहीत. त्यांनी विचार केला, आणि विचारानेच त्या घाबरल्या. एकटेपणात कानाला भास होतात, हे त्यांना मान्य होते. पण भास आठवणीतून येतो, आणि आठवणीतले बाबा सरळ चालत. पाय ओढत चालणारा बाप या जगात एकाच ठिकाणी होता: त्यांच्या अर्धवट चित्रात. म्हणजे जे आले ते बाबा नव्हते. जे आले ते त्यांनी केलेले होते.

अट घालायला एक ओळ पुरली असती. बाईंनी ती घातली नाही. ‘उद्या घालू’ म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाल्या. कारण दार उघडून आत आल्यावर घर आता आ वासून बसत नसे. टेबलाशी बसले की बोळातून ते पाऊल येई, एक फरशी सोडून थांबे, आणि मग कितीतरी वेळ मागे कोणीतरी असे. श्वास ऐकू येत नसे. बाईंनी श्वासाची चित्रे काढली नव्हती. तरी त्या पेपर तपासताना अधूनमधून मोठ्याने म्हणू लागल्या, “बघा, हा मुलगा काय लिहितोय!” उत्तर येत नसे. पण भिंतीला सांगणे वेगळे आणि हे वेगळे.

मग एका संध्याकाळी फोनवर भाचीचा आवाज दबका होता. “मावशी... आज दुपारी तू घरी नव्हतीस ना?”

“कॉलेजात होते. का गं?”

“मला ताप आहे, म्हणून मी खोलीवरच होते. खेळ बंद होता. आणि... कोणीतरी पाय ओढत आलं. पलंगापाशी थांबलं. हसू नकोस. तो वास... आजोबांच्या हत्यारांच्या डब्याचा.”

बाई हसल्या नाहीत. घर रिकामे झाले, की जिथे कोणी असेल तिथे. नियम शब्दशः पाळला जात होता. आपले एकटेपण त्यांनी पोरीच्या उशाशी नेऊन ठेवले होते.

“मावशी, ते परत येईल का?”

“नाही येणार. तू झोप. फोन चालू ठेव.”

त्यांनी ती ओळ उघडली. बोटे थबकली. मागे, एका फरशीवर, ग्रीसचा वास दाटला होता. “माफ करा,” त्या हळूच म्हणाल्या आणि त्यांनी लिहिले: या घरातच.

वास गेला. दिवा विझावा तसा, एकदम. घर पुन्हा पोकळ झाले.

“इथे सगळं शांत आहे,” फोनमधून पेंगुळलेला आवाज आला. “जमलं का?”

“जमलं.”

खात्री करायची म्हणून बाईंनी खिडकीखालच्या आपल्या खुर्चीत बसल्याबसल्याच खेळ सुरू केला. वाटसरू दाराबाहेर उभा राहिला. त्याला त्यांनी आत नेले नाही. घरात आता बाबांशिवाय कोणी नव्हते, म्हणजे नियमाप्रमाणे त्यांनी स्वयंपाकघरातच उभे राहायला हवे होते. पण ते निघाले. उजवे पाऊल टाकत, डावे घासत, बोळ ओलांडून बैठकीत आले आणि खिडकीखालच्या रिकाम्या खुर्चीपासून एक फरशी सोडून थांबले.

बाईंनी विचार केला. नियमात चूक नव्हती. मग निष्कर्ष एकच निघत होता: त्या खुर्चीत कोणीतरी होते.

पडद्यावर अक्षरे उमटली. बटण कोणी दाबले नव्हते.

‘जेवलीस का?’

अक्षरे तशीच राहिली, वाट पाहत. फोनमध्ये भाचीचा झोपेतला श्वास संथ चालला होता. वर्षभरात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

“नाही... अजून,” बाई म्हणाल्या.

अक्षरे मिटली. बाबा वळले आणि बोळातून स्वयंपाकघरात गेले. परत जाण्याचा नियम बाईंनी कधीच लिहिला नव्हता.

पाठीमागे, त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात, गॅसचे बटण टक् करून फिरले.