रांगेतला निरोप

दक्षिणेचा वारा सुटला होता, पिक्टन बंदराला निघालेली फेरीबोट डुलत होती, आणि मेरेआनाला एका जागी बसवत नव्हतं. ती उगाचच पुन्हा उठली, तेवढ्यात बोट कलली... आणि हातातल्या खमंग चीज स्कोनसकट ती खिडकीपाशी बसलेल्या एका तरुणाच्या टेबलावर जाऊन आदळली.

"माझ्यासाठी आणलास?" त्याने स्कोनकडे बघत विचारलं.

"हावरट! सरक तिकडे."

तो सरकला. नाव तेविता. त्याच्या लॅपटॉपवर पाखरांच्या खेळाचा पट दिसला आणि ती वाकून बघू लागली. हा तर तिचाच खेळ! दूरदूरच्या माणसांनी एकत्र खेळायचा, प्रोग्रामचा कोड सगळ्यांना खुला, वाटेल त्याने हातभार लावावा असा. ती तो 'वेका' या टोपणनावाने सांभाळत होती.

"खेळतोस वाटतं?" तिने साळसूदपणे विचारलं.

"बनवतो. म्हणजे... कालपर्यंत बनवत होतो. तिथे मी 'रूरू'."

रूरू! चाल मागे घ्यायचं बटण हवं म्हणून महिनोन्‌महिने तिचं डोकं खाणारा रूरू! त्याच्या उत्तराची वाट बघत ती रोज सकाळचा चहा गार करायची. भांडणाची अशी वाट बघण्याला काय म्हणतात, ते तिची बहीण तिला हसत हसत सांगायची. ती ऐकायची नाही.

"आणि आता सोडलंस?"

"ती वेका भलती हट्टी आहे गं. म्हणते, खेळात घडेल ती प्रत्येक गोष्ट म्हणजे एक घटना. ओळीत लागली की लागली, पुसायची नाही. चुकलात तर पुढे नवी घटना जोडा." त्याने सुस्कारा टाकला. "मघाशी खेळातूनच तिला निरोप धाडला, जातोय म्हणून. पण इथे नेटवर्क कुठलं? रांगेत अडकलाय. किनारा जवळ आला की आपोआप जाईल."

मेरेआनाला काय करावं कळेना. सांगावं? 'मीच ती' म्हटलं, तर हा लाजून उठून जाईल. गप्प बसलं, तर रूरू कायमचा जाईल. तिची बोटं स्कोनचा चुरा करत राहिली.

"मग थांबव ना तो निरोप!"

"कसा थांबवू? मागे घ्यायचं बटण तिने बनवूच दिलं नाही."

तिला हसू आलं, रडूही आलं. बोट वळली. डोंगर जवळ आले, लाटा निवल्या...

"तेविता, ऐक ना, मी—"

तिच्या खिशातला फोन वाजला. त्याच क्षणी लॅपटॉपवर 'पोचला' असं उमटलं. तेविताने पडद्याकडे बघितलं, मग तिच्या खिशाकडे.

"तू...?"

तिने निरोप उघडला. 'वेका, मी जातोय. बटण हे निमित्त. तुझ्याशी भांडायला मिळावं म्हणून रोज येत होतो, आणि तुला कधी बघितलंसुद्धा नाही. हे वेड आता पुरे.'

"वाचू नकोस! पुसून टाक, प्लीज!"

"पुसता येत नाही," ती म्हणाली. "आणि येत असतं, तरी पुसलं नसतं. मला तू आवडतोस, रूरू. न बघताच आवडायला लागलास. चुकलं असेल तर... पुढे नवी घटना जोड."

तेविताने लॅपटॉप जवळ ओढला. मग त्याची बोटं कीबोर्डवर चालली आणि तिचा फोन पुन्हा वाजला.

'राहतो.'

"पण बटणाचं भांडण मी सोडणार नाही हं!"

"कोण सोड म्हणतंय?" म्हणत तिने उरलासुरला स्कोन त्याच्यापुढे सरकवला.