बेचिराख

ते मोबाइल पालथे ठेवा आधी. त्या उजेडात ही गोष्ट सांगवत नाही. आमचे साडू माहीत आहेत ना, प्रत्येक लग्नात रुसून बसणारे? त्यांचा धाकटा भाऊ तलाठी आहे. माणूस सरळ. थापा मारणं त्याच्या रक्तातच नाही, ते खातं थोरल्याकडे.

गेल्या डिसेंबरातल्या शेवटच्या मंगळवारची गोष्ट. कचेरी सुटता सुटता नव्या साहेबांनी त्याला बोलावलं. डोंगराआडच्या एका गावाचा अहवाल हवा होता. विहिरी आटल्या तशी तिथली माणसं एकेक करून निघून गेली होती. गाव बेचिराख आहे एवढं तलाठ्याने लिहून दिलं, की यादीतून त्याचं नाव जाणार आणि जमीन शेजारच्या गावात जमा होणार. साहेब वयाने कोवळे. त्यांना वाटलं, बेचिराख म्हणजे आगीत खाक झालेलं. तलाठ्याने समजावलं, की चिराख म्हणजे दिवा. जिथे रात्री एकही दिवा लागत नाही, ते गाव बेचिराख. साहेब हसून म्हणाले, मग रात्रीच जाऊन बघून या की.

साहेबांनी गंमत केली, पण तलाठ्याला ती लागली. कारण ते गाव त्याचंच होतं आणि तिथला शेवटचा दिवा त्याच्या आईचा. सगळे उठून गेले तरी ती एकटी राहिली होती. त्याने हातापाया पडून तिला तालुक्याला आणलं, तेव्हा ती म्हणाली होती, "मी आले तर गावात दिवा कोण लावणार रे?" हा हसत म्हणाला, सरकार लावेल. सहज बोलून गेला, पण ते तिच्या जिव्हारी लागलं. तालुक्याच्या घरात तिने दिव्याच्या बटणाला कधी हात लावला नाही. वर्ष फिरायच्या आत ती गेली.

तर बायकोला जेवून घे म्हणून सांगून तो निघाला. ओढ्याशी रस्ता खचलेला. तिथे मोटारसायकल लावली आणि पायी चढला. चंद्र उगवायचा होता. घरं सगळी ओळखीची. सुतारकाकांचं. दुकानवाल्या मावशीचं. प्रत्येक दाराला कुलूप आणि काळोख. एकदाचं लिहून टाकू आणि सुटू, असं म्हणत तो शेवटच्या बोळात वळला.

त्याच्या घराच्या खिडकीत उजेड होता.

गुराखी असेल, असं वाटलं त्याला. पण कुलूप जसंच्या तसं. त्याने स्वतः लावलेलं. किल्ली त्याच्याच जुडग्यात.

दार उघडलं. आत कंदील. कंदिलापाशी आई. पाठमोरी.

"आई..."

ती वळली. परक्या माणसाकडे बघावं तशी बघत राहिली.

"मोजायला आलात का, साहेब? लिहा. घरात एक बाई आहे."

"आई, मी..."

"एकटीच आहे. पण माझा मुलगा तलाठी आहे. तो गावाचं नाव नाही कापायचा."

तिने कंदील उचलला. त्याच्या तोंडाशी आणला. बघत राहिली... बघत राहिली...

"हा नव्हे," ती म्हणाली.

कंदील विझला.

तो डोंगर कसा उतरला, ते त्यालाही सांगता येत नाही. सकाळी त्याने अहवाल दिला, की गाव बेचिराख नाही, लोकसंख्या एक. साहेबांनी कपाळाला हात लावला आणि मंडळ अधिकाऱ्यांना तपासायला पाठवलं. हे गृहस्थ निवृत्तीला आलेले, भुताखेतांचं नाव काढलं की टर उडवणारे. तलाठी किल्ली घेऊन बरोबर गेला. भर दुपार होती, तरी आत जायची त्याची छाती होईना. अधिकारी एकटेच आत गेले आणि आतूनच बोलू लागले. कोणी नाही हो इथे. नुसती धूळ आहे. पावलं दिसताहेत ती तुमच्या चपलांची. कंदील आहे खरा, पण तेलाचा थेंब नाही त्यात, वातसुद्धा वाळून...

मग आतून काहीच ऐकू आलं नाही.

तलाठी उंबऱ्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. आई अजून त्याची वाट बघत होती आणि समोर उभा राहूनही तो तिला भेटला नव्हता.

बऱ्याच वेळाने अधिकारी बाहेर आले. त्यांनी उजवा हात पुढे केला. कंदिलाच्या काचेला लागलेल्या चारही बोटांवर टरारून फोड आले होते.