मारुतचे नासिकोन्मीलन

सावंतवाडीच्या तलावाकाठी अंबुजा चितारी हिची चित्रशाळा होती. तेथे नवे चित्र पाहण्याचा पहिला मान धन्याचा नसे. तो कुत्र्याचा असे. धनी पायरीशी जोडे काढून उभा राही आणि त्याचा चार पायांचा सोबती फळीवरील आपली प्रतिमा हुंगून निर्णय देई. शेपूट हलले की चित्र उत्तीर्ण झाले. ते स्थिर राहिले, तर अंबुजा निमूटपणे पुन्हा कुंचला उचली.

ही रीत गंधरंगांमुळे पडली होती. गंधलेखक नावाचे मुठीएवढे यंत्र प्राण्याच्या अंगाशी धरले, की ते त्याच्या गंधातील शेकडो सूक्ष्म द्रव्ये निरनिराळी ओळखी आणि त्यांची गंधलिपी सिद्ध करी. ही लिपी साध्या निरोपासारखी कोठेही धाडता येई. चित्रशाळेतील दुसरे यंत्र ती वाचून तोच गंध पुन्हा जुळवी व लाखेच्या अदृश्यप्राय कणांत कोंडून ठेवी. हे कण रंगात कालवले जात. नाकातला उष्ण श्वास लागला की लाख किंचित सैल होई आणि गंध बाहेर येई. चितारी घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या लाकडी खेळण्यांवर लाख चढवली होती. तीच लाख आता या नव्या सेवेला लागली होती.

मूर्तीचे डोळे सर्वांत शेवटी उघडायचे, हा त्या घराण्याचा नेम. अंबुजेने त्यात एक भर घातली. डोळे रंगवून झाल्यावर ती नाकाला हात घाली. गंधरंगाचा तो शेवटचा काळाभोर ठिपका देण्यापूर्वी ती क्षणभर हात जोडी. तिचे शाळेतले गुरुजी देवदत्त प्रभुदेसाई यांनी या विधीला कौतुकाने ‘नासिकोन्मीलन’ असे नाव दिले होते.

आज तेच गुरुजी आपली म्हातारी कुत्री रेवा हिला घेऊन आले होते. रेवेची दृष्टी दोन वर्षांपूर्वी गेली होती. मारुत नावाच्या पोरक्या पिलाला तिने आपल्या कुशीत वाढवले होते. भाकरी पुढे आली की अर्धी खावी आणि अर्धी मारुतसाठी ठेवावी, हा तिचा नित्यक्रम होता. पुढे गुरुजींची कन्या शाल्मली लडाखमधील वेधशाळेत रुजू झाली आणि मारुतला बरोबर घेऊन गेली. इतक्या उंचीवरील विरळ हवा रेवेला सोसणार नव्हती. ती मागे राहिली आणि तिने अन्न सोडले. दूरध्वनीवर मारुतचे भुंकणे ऐकवले, तेव्हा तिने सारे घर धुंडाळले आणि नंतर ती अधिकच मिटून गेली. पशुवैद्यांनी स्पष्ट सांगितले होते, ‘पोटात काही गेले नाही, तर ती फार दिवस काढणार नाही.’

म्हणून हे चित्र. फळीवरचा मारुत तांबूस, तुकतुकीत, एक कान दुमडलेला असा बसला होता. अंबुजेने हात जोडले, ठिपका दिला आणि ती बाजूला झाली.

रेवा चाचपडत पुढे आली. तिने नाक टेकवले. दीर्घ श्वास घेतला. मग ती जोराने शिंकली आणि चित्राकडे पाठ करून बसली.

‘काय झाला गो बाय तुका?’ अंबुजा कळवळून म्हणाली.

गुरुजी खाली बसले. त्यांनी स्वतः फळीवर हलकी फुंकर घातली व वास घेतला. त्यांचा चेहरा पालटला.

‘अंबुजा, ही तर शिकेकाई! आमच्या न्हाणीघरातली!’

त्यांनी तत्काळ शाल्मलीला फोन लावला आणि अंबुजेलाही ऐकू यावे म्हणून आवाज मोठा केला. ‘गंधलेखनाआधी मारुतला न्हाऊ घातले होतेस?’

‘बाबा, तुम्हीच फर्मावलंत ना? “आपल्या घरात पारोशाने कोणी चित्राला बसत नाही” म्हणून! बाहेर पाणी गोठतंय, तरी बंब तापवून आंघोळ घातली. तुम्ही धाडलेली शिकेकाई लावली. वर अत्तरसुद्धा.’

गुरुजी खजील झाले. अंबुजेने कपाळावर हात मारून घेतला. ‘गुर्जी, दोष माझोय आसा. “नीट तयार करून बसवा” असा मीच सांगितलंय. कुत्रो पाठवा म्हटला नि आपण न्हाणीघर मागवला!’

तिघेही हसू लागली. रेवेने मात्र कान हलवला नाही, आणि ते पाहताच हसू ओसरले.

‘आता कसा आहे तो?’ गुरुजींनी विचारले.

‘आता? मेंढ्यांच्या शेणात लोळून आलाय. जवळ उभं राहवत नाही.’

‘उत्तम!’ गुरुजी उद्गारले. त्यांनी उभ्या आयुष्यात अस्वच्छतेला दिलेली ही पहिलीच शाबासकी. ‘तसाच राहू दे. यंत्र लाव.’

लडाखमधून नवी गंधलिपी आली. यंत्र गुणगुणले. अंबुजेने नाकावरचा जुना ठिपका खरवडून काढला, नवा रंग कालवला आणि पुन्हा हात जोडले. या खेपेस गुरुजींनीही जोडले. मग तिने ठिपका दिला.

रेवेने एकदा हुंगले. तिचे सारे अंग थरारले. कान उभे राहिले, शेपूट जमिनीवर आपटू लागले आणि कंठातून पिलाला हाक घालावी तसा बारीक स्वर निघाला. ती चित्राचे नाक चाटू लागली. मग एकाएकी ती फळीला वळसा घालून मागच्या बाजूला गेली.

‘तिकडे काय आहे?’ गुरुजींनी विचारले.

‘गुर्जी, कुत्री एकमेकांची ओळख खंयसून पटवतत, ता तुमका मी सांगू?’ अंबुजा ओठ दाबून हसली. गुरुजींनी उपरणे सावरून छताकडे पाहिले.

पाठीमागे कोरे लाकूड होते. रेवेने ते वरपासून खालपर्यंत हुंगले. तिचे शेपूट थांबले. तिला कळले होते: मारुत येथे नाही.

ती बराच वेळ तशीच उभी राहिली. मग सावकाश वळसा घालून पुढे आली, चित्राच्या नाकापाशी आपले नाक नेऊन बसली आणि शांतपणे शेपूट हलवू लागली. गुरुजींनी डबा उघडून भाकरी पुढे केली. रेवेने ती खाल्ली, पण अर्धीच. उरलेली अर्धी तोंडात धरून तिने फळीच्या पायाशी ठेवली आणि नाकाने किंचित पुढे सारली.

‘बाबा, खाल्लं का तिने?’ फोनमधून शाल्मलीचा अधीर आवाज आला.

‘खाल्ले, बाळ. अर्धे.’

पलीकडे ती रडत होती की हसत होती, ते कळेना. मग म्हणाली, ‘आता तुमचं चित्र पाठवा इकडे. मारुतसाठी. आणि... माझ्यासाठीसुद्धा.’

‘अवश्य. उद्या प्रातःस्नान करून—’

‘बाबा!’

‘गुर्जी!’

‘बरे, बरे. पारोसाच येतो.’

अंबुजा हसत हसत कुंचले धुवायला गेली. गुरुजी मात्र त्या अर्ध्या भाकरीकडे पाहत राहिले. सकाळीच त्यांनी देवघरात मूर्तीपुढे नैवेद्य ठेवला होता. तो तेथे तसाच राहतो हे ठाऊक असूनही ते आयुष्यभर रोज ठेवत आले होते. रेवेनेही फळीच्या मागे जाऊन पाहिले होते, आणि तरीही वाटा ठेवला होता. हे तिने आपल्याला पाहून उचलले असेल? की फार फार पूर्वी, एखाद्या शेकोटीच्या उजेडात, आपल्याच पूर्वजांना हे कोणा रेवेने शिकवले असेल?