ऑस्मोचा झोत

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. कोलेट माझी शेजारीण. जे झालं ते तिच्याच तोंडून ऐकलं.

सडबरी गाव. फेब्रुवारीतली दुपार. बाहेर बर्फावर लख्ख ऊन होतं, पण नाट्यगृहाला खिडक्या नसतात. आत कायमची रात्र.

बाल्कनीच्या मागे, छताला लागून एक खोली. तिथे दोन फॉलो स्पॉट. नटाच्या मागोमाग फिरणारा गोल झोत टाकणारी ती अवजड यंत्रं. एक कोलेट चालवायची.

दुसरं ऑस्मोचं.

ऑस्मो गेल्या वर्षी गेला.

या यंत्रातल्या झेनॉन दिव्यात वायू ठासून भरलेला असतो. दिवा जुना झाला की काच कधी फुटेल याचा नेम नाही. दिवा बदला म्हणून ऑस्मो ओरडून ओरडून थकला. व्यवस्थापक ड्वेन म्हणाला, "नाताळपर्यंत ओढ."

ऑस्मोने यंत्रातली दिव्याची पेटी उघडली आणि दिवा फुटला. आधी डोळे गेले. मग महिन्याभरात तोही.

आणि अंत्यविधीनंतर कॉफी पिता पिता ड्वेन सगळ्यांना सांगत होता, "म्हाताऱ्याचे हात थरथरायचे हो!"

ते वाक्य कोलेटच्या घशात हाडासारखं अडकलं होतं.

त्या दुपारी ड्वेन एक खोकं घेऊन वर आला. बंद पडलेल्या सिनेमागृहातले वापरलेले दिवे.

"शनिवारी प्रयोग आहे. यातले बऱ्यातले दोन निवड."

"एकही बरा नाही. काच बघ, आतून काळी पडलीय. नवे मागव."

"तोंड उघडलं की नवे! पेटतात ना?"

"ऑस्मोचाही पेटत होता."

"झालं सुरू ऑस्मोपुराण! नसेल जमत तर सांग, दुसरी कोणी बघतो."

आणि तो खाली निघून गेला.

घरी तीन वर्षांची ओडील. कमावणारी ही एकटी. सकाळी निघताना पोरीने दोन्ही गालांवर हात ठेवून तिला थांबवलं होतं.

संतापाने डोळ्यात पाणी आलं, तरी तिने दिवा निवडला. सगळ्यात कमी काळा. जाड हातमोजे घातले, तोंडावर संरक्षक मुखवटा ओढला आणि दिवा आपल्या यंत्रात बसवला.

खालून, रंगमंचावरून ड्वेनचा आवाज आला. "झोपलीस का? इथे उभा आहे मी, मार माझ्यावर झोत!"

तिने मुखवटा वर सरकवला. पेटी अजून उघडीच होती. "थांब की जरा, नालायका!"

आणि मग... तिच्या मागे पंखा सुरू झाला.

घर्र... घर्र...

ऑस्मोच्या यंत्राचा पंखा.

त्यात दिवा नव्हता. त्याची वायर काढून, गुंडाळून जमिनीवर ठेवलेली होती.

टक्!

रंगमंचावर पांढरंशुभ्र वर्तुळ पडलं. त्यात ड्वेन, नखशिखान्त.

"हां, मस्त! कर आता बंद."

झोत बंद झाला नाही.

ड्वेन डावीकडे सरकला. झोतही सरकला. तो उजवीकडे पळाला. झोत त्याच्या आधी तिथे.

"चेष्टा पुरे, कोलेट!"

वर्तुळ आवळू लागलं. कमरेपर्यंत... छातीपर्यंत... चेहरा.

"अगं, डोळे! डोळे जातील माझे!"

मी काही करत नाहीये, असं तिने ओरडून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. तिला बरं वाटत होतं.

मग... करकर करत ते यंत्र जागच्या जागी वळलं.

थेट तिच्याकडे.

झोत तिच्या डोळ्यांवर आला. इतका तीव्र की तिने घाबरून मुखवटा खाली ओढला, आणि त्याच क्षणी...

फाट्!

तिने बसवलेला दिवा उघड्या पेटीत फुटला. काचेच्या कपच्या मुखवट्यात रुतून बसल्या. बरोबर डोळ्यांपाशी.

दिसायला लागलं तेव्हा ऑस्मोच्या यंत्रात अंधार होता. तिने हात लावून पाहिलं. थंडगार. पेटी रिकामी.

ड्वेनने त्याच दिवशी नवे दिवे मागवले, दोन्ही यंत्रांना.

पण त्याच्या नजरेत तेव्हापासून एक पांढरं वर्तुळ आहे. डोळे मिटले तरी असतं. जिकडे बघेल तिकडे येतं. डॉक्टरांना काही सापडत नाही.

गेल्या आठवड्यात तो वर आला. दारातच उभा राहिला.

"कोलेट, ते लहान होत चाललंय. डॉक्टर म्हणतात, चांगलं लक्षण आहे."

"हो का," ती म्हणाली.

हे मला सांगताना कोलेट ओडीलच्या बुटाची नाडी बांधत होती.

"नाटक संपताना ऑस्मो झोत असाच आवळत न्यायचा गं. आधी अख्खा माणूस. मग चेहरा. मग नुसते डोळे."

"आणि मग?"

"मग काळोख. आणि ते मी ड्वेनला सांगणार नाहीये."

तिने नाडी इतकी करकचून ओढली, की पोर कळवळली.