थंड असतानाचा आकडा

दारात पेटी अडकली होती आणि पेटीमागे एक माणूस.

"मॅडम, एक तर दार मोठं करा, नाहीतर माझं जेवण इथंच आणून द्या."

मी पेटी तिरकी केली. ती सुटली, तसा तो माझ्या अंगावर येता येता सावरला... केसांत भुसा, डोळे हसरे.

तो सुतार होता. त्या पेटीत स्वतःच्या डोक्याने एक सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, बनवत होता. आतली तांब्याची गुंडाळीसुद्धा हातानेच करणार होता. ती किती वॅट सोसेल, एवढं त्याला आमच्या प्रयोगशाळेकडून हवं होतं.

"एवढा दणका कशाला?"

"छातीत धडधडलं पाहिजे."

"त्यासाठी सबवूफरच लागतो?"

"छे... कधी कधी नुसतं दारात अडकलं तरी पुरतं."

मी घाईने मीटरकडे पाहिलं. मीटर बंद होता.

सात आठवडे तो दर गुरुवारी येत राहिला. कधी काही मोजायला, कधी नुसताच प्रश्न घेऊन. मावशी म्हणायची, "तुझा काटा कुणासाठी हलायचा नाही." मावशीला गुरुवार माहीत नव्हते. शेवटच्या चाचणीनंतर मी विचारणार होते — आता कामाशिवायही याल का?

तांबं तापलं की त्याचा विजेला होणारा रोध वाढतो. म्हणून आधी थंड गुंडाळीचा रोध लिहायचा, मग वॅट वाढवत न्यायचे आणि वाढलेल्या रोधावरून ती किती तापली ते काढायचं. पहिला आकडा चुकला, की पुढचं सगळं चुकतं. हे मीच सगळ्यांना बजावते.

शेवटच्या चाचणीच्या दिवशी तो म्हणाला, "निळा रंग शोभतो हं तुम्हाला," आणि मी काही न विचारता पहिला आकडा लिहून मोकळी झाले.

दीडशे. दोनशे. कागदावर सगळं आलबेल.

"अजून सोसेल," मी म्हणाले.

अडीचशेला करपट वास आला. मग पेटी बंद पडली.

मी पुन्हा पहिला आकडा पाहिला. थंड तांब्याच्या मानाने तो जास्त होता. "येण्याआधी वाजवला होता का?"

"गाडीत वाजवतच आलो की! ती मागे बसली होती ना, पेटीवर हात ठेवून. तिला ऐकू येत नाही, पण हाताला कळतं. तिच्यासाठीच तर हा खटाटोप." तो ओशाळला. "पुढच्या महिन्यात लग्न आहे आमचं... बोललो नव्हतो का?"

नव्हता बोलला. मीही विचारलं नव्हतं. तो आला तेव्हाच ऊब होती. मी तिथूनच मोजायला लागले होते.

"चूक माझी," मी म्हणाले. "नवी गुंडाळी करा. आणि आणण्याआधी रात्रभर न वाजवता ठेवा."

पुढच्या गुरुवारी दोघं आली. तिने पेटीवर तळवा ठेवला आणि माझा हात ओढून शेजारी ठेवला. लाकडातून ठोके येत होते. तिचे डोळे भरले होते. माझे मी मीटरवर ठेवले.

"एकशे सत्तर वॅट."

"पक्कं?"

"अंदाजच असतो. पण या वेळी सुरुवात थंड होती."

"मग आता गुरुवारी काय करणार, मॅडम?"

"वारच आहे तो. जाईल."

पेटी अडकू नये म्हणून दाराची दुसरी झडप मी सकाळीच उघडून ठेवली होती. ती कुठेही न अडकता बाहेर गेली.