न हलणाऱ्या आजीची हाडं

शाल्मलीला ते कोडं काही केल्या सुटत नव्हतं. आजी तीन महिने खुर्चीतून जवळजवळ उठलीच नव्हती. ती कुठे पडली नव्हती, धडकली नव्हती, पाण्याचा तांब्यासुद्धा तिने उचलला नव्हता. मग तिची हाडं आधीपेक्षा ठिसूळ झाली कशी?

हाडांच्या तपासणीच्या अहवालात तर तसंच लिहिलं होतं.

२०६४ साल होतं. दापोलीजवळच्या किनारवस्तीत शाल्मली आई आणि आजीबरोबर राहत असे. आजी, म्हणजे हेमलता बिवलकर, एके काळी भर समुद्रातल्या पवनचक्क्यांवर चढून त्यांची दुरुस्ती करायची. यंदा मार्चमध्ये ती ओल्या कपड्यांची बादली उचलायला वाकली आणि पाठीत कट्‌कन आवाज झाला. मणका दबला होता. अस्थिसुषिरता (हाडं आतून विरळ आणि ठिसूळ होण्याचा आजार), असं डॉक्टर म्हणाले.

शाल्मली तेव्हा शेजारीच उभी होती. तो आवाज तिला झोपेतही ऐकू यायचा. तेव्हापासून तिने आजीवर पहाराच बसवला होता. आजी जरा चुळबुळली, की ही धावायची. "हलू नकोस. मी आणते."

अहवालाच्या दुसऱ्या दिवशी आरोग्यकेंद्रातून धीरज आला. तो शाल्मलीएवढ्याच उंचीचा, मऊ हातांचा यंत्रमानव होता.

"मणका आता सांधला आहे, आजी," तो म्हणाला. "डॉक्टरांनी व्यायामाला परवानगी दिली आहे. आज फक्त उभं राहू."

शाल्मली खुर्चीच्या आड उभी राहिली. "नाही. ती मोडेल."

"मलाही तीच भीती वाटते रे," आजी हळूच म्हणाली.

आजीच्या तोंडून 'भीती' हा शब्द शाल्मलीने कधी ऐकला नव्हता.

धीरजने भिंतीवर एक चित्र उमटवलं. पांढऱ्या, बारीक काड्यांची दाट जाळी होती ती. "हे निरोगी हाड, आतून पाहिलेलं. आणि हे आजींचं." दुसऱ्या जाळीतल्या काड्या झिजल्या होत्या, काही तर मधेच तुटल्या होत्या.

शाल्मलीने नजर वळवली, पण धीरज शांतपणे सांगत राहिला. "हाड जिवंत असतं. त्यात अस्थिभंजक पेशी (जुनं हाड खरवडून काढणाऱ्या) असतात आणि अस्थिजनक पेशी (नवं हाड भरणाऱ्या) असतात. म्हातारपणी खरवडणं जास्त होतं आणि भरणं कमी पडतं."

"मग भरणाऱ्यांना जास्त काम सांगायचं," शाल्मली म्हणाली.

"ते काम भार सांगतो. आपण उभे राहतो, चालतो, तेव्हा हाड अगदी किंचित दबतं. आतल्या पेशींना ते जाणवतं आणि इथे बळकटी हवी, असा निरोप जातो. भारच पडला नाही, तर निरोप जात नाही. खरवडणं मात्र चालूच राहतं. अवकाशात तरंगणाऱ्या अंतराळवीरांची हाडंसुद्धा अशीच विरळ होतात."

शाल्मलीने पुन्हा त्या तुटक्या काड्यांकडे पाहिलं. "म्हणजे मी तिला बसवून ठेवलं, म्हणून?"

"वय आहे, आजार आहे. तू एकटी कारण नाहीस," धीरज म्हणाला. "पण नुसतं बसून राहणं हा उपाय नव्हता."

आजीने शाल्मलीला जवळ ओढलं. मग खुर्चीचे हात घट्ट धरून ती म्हणाली, "सांग, काय करू?"

"पाठ गोल करून वाकायचं नाही. कमरेतून झटक्याने वळायचं नाही. स्वयंपाकाच्या ओट्याचा आधार सोडायचा नाही. बाकी पुष्कळ जमेल."

आजी उठली. ओट्याला धरून तिने टाचा वर केल्या, खाली टेकवल्या. एकदा, दोनदा, तीनदा. चौथ्या वेळी ती डगमगली.

शाल्मली झेपावणार, तोच धीरजचा एक हात तिच्यापुढे आडवा आला. दुसरा हात आजीच्या पाठीमागे बोटभर अंतरावर होता. "तोल सावरायला पायांना शिकू दे," तो म्हणाला.

आजीने ओटा आवळला, गुडघे किंचित वाकवले आणि ती सावरली. तिचं कपाळ घामाने डबडबलं होतं. "पाय अजून ऐकतात माझं," ती म्हणाली.

भीती काही त्या दिवशी गेली नाही. रोज सकाळी आजी उठायची आणि शाल्मली धावत येऊन शेजारी उभी राहायची. तरी टाचा उचलणं वाढलं, मग भिंतीला धरून चालणं सुरू झालं, मग अंगणात फेऱ्या. सोबतीला औषध होतं, नाचणीची भाकरी होती, दूध होतं.

वर्षभराने नवा अहवाल आला. हाडं आणखी विरळ झाली नव्हती.

"मी म्हातारी होईन तेव्हा झिजलेलं हाड पुन्हा पहिल्यासारखं करता येईल?" शाल्मलीने विचारलं.

"त्यावर संशोधन चालू आहे," धीरज म्हणाला. "कदाचित तूच ते पूर्ण करशील. पण पेशींना भार तेव्हाही लागेल."

त्या संध्याकाळी आजी दुखण्यानंतर पहिल्यांदाच किनाऱ्यावर निघाली. वाळूत उतरायला पाच पायऱ्या होत्या, बाजूला कठडा होता. धीरज एक पायरी पुढे उभा राहिला. आजीने कठडा धरला आणि मागे वळून न पाहता पाऊल खाली टाकलं.

शाल्मली वरच्या पायरीशी थांबली. आजीला धरावंसं तिला फार वाटत होतं. म्हणून तिने दोन्ही हात पाठीमागे नेले, एकमेकांत घट्ट अडकवले आणि एकेक पायरी मोजत ती मागून उतरू लागली.